सीएच्या डायरेक्ट एन्ट्रीवाल्यांची आर्टिकलशिप इंटरच्या मागे का ढकलली?

कीर्दखतावणी
माझी धाकटी बहीण यंदा बी.कॉम. झाली, ६१ टक्के. आम्ही सोलापूरचे. वडील टॉवेलच्या कारखान्यात, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका गारमेंट युनिटची अकाउंट्स बघतो. बारावीनंतर तिनं फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, दिली नाही, कारण क्लासची फी झेपणारी नव्हती. पदवी घेऊन डायरेक्ट एन्ट्रीनं, म्हणजे फाउंडेशन न देता थेट इंटर या मधल्या परीक्षेला, जायचं हे घरात तेव्हाच ठरलं होतं. वाणिज्य पदवीला ५५ टक्के, इतर शाखांना ६०. ही अट अजून तशीच आहे. बदललंय ते त्याच्या पुढचं.

आधी डायरेक्ट एन्ट्रीवाला नोंदणी करायचा, चार आठवड्यांचं आयसीआयटीएसएस (संगणक आणि सॉफ्ट स्किल्सचं) ट्रेनिंग उरकायचा आणि आर्टिकल म्हणून, म्हणजे सीएच्या ऑफिसात उमेदवार म्हणून, लागायचा. नऊ महिने काम झालं की इंटरला बसायचा. १ जुलै २०२३ पासून नवी योजना आली आणि आता इंटरचे दोन्ही ग्रुप (पेपरांचे गट) निघाल्याशिवाय आर्टिकलशिप नाही.

तीन वर्षांची आर्टिकलशिप दोनवर आली म्हणून सगळे खूश आहेत. पण बोटं मोजून बघा. आधी तीन वर्षं काम, त्यातच इंटर, आणि शेवटच्या सहा महिन्यांत फायनल देता यायची. म्हणजे सगळं नीट झालं तर तीन वर्षं आणि वर एखादा महिना. आता इंटरच्या आधी आठ महिने अभ्यास, मग निकालाची वाट, मग दोन वर्षं काम, मग सहा महिने थांबून फायनल. बेरीज चाळीस महिन्यांच्या पुढे जाते. फाउंडेशनवाल्याची वर्षं वाचली, पदवीधराची वाढली. आणि सुरुवातीचं जवळजवळ एक वर्ष हातात दमडी नाही. आमच्यासारख्या घरात मुलीला असं वर्ष मिळत नाही.

जुनापीईटू
तुमची बेरीज बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. मी २००१ च्या योजनेतला. तेव्हाही पीई-२, म्हणजे तेव्हाची इंटर, पास झाल्याशिवाय आर्टिकलशिप नव्हती. २००६ ला सीपीटी ही प्रवेश परीक्षा आली आणि मुलं बारावी होऊन थेट ऑफिसात यायला लागली. ती मुलं मी स्वतः घेतली आहेत. त्यांना बॅलन्स शीट वाचता यायचं नाही, मग व्हाउचिंग (पावत्या ताडून बघणं), टिक मारणं आणि बँकेत चेक भरणं यातच दिवस जायचा. डायरेक्ट एन्ट्रीचेही तसेच. तीन वर्षं भरली, दाखला हातात, आणि इंटरचा एक ग्रुप अजून अडकलेला. अशा चार जणांची नावं मला आत्ता आठवतात. चौघेही आज कुठे ना कुठे अकाउंटंट आहेत, सीए एकही नाही. स्टायपेंड मिळत होता म्हणून घरचे गप्प राहिले, आणि तिशी आली.

माझी तक्रार दोन वर्षांबद्दल आहे. टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबर. दोन वर्षांत मुलगा दोनच सप्टेंबर बघतो. पहिल्यात तो शिकतो, दुसऱ्यात जरा उपयोगी पडतो, आणि निघून जातो. यंत्रमागवाल्याच्या सुताचा स्टॉक कसा मोजायचा, जॉबवर दिलेला माल कुणाच्या खात्यात धरायचा, हे तिसऱ्या वर्षी अंगात मुरायचं.

होटगी रोड
सर, तिसऱ्या वर्षी अंगात काय मुरायचं ते माझ्या मोठ्या भावानं बघितलंय. फायनलची तारीख जवळ आली तरी सुट्टी मिळेना. नियमात होती, ऑफिसात नव्हती. आता वर्षाला बाराच रजा, हे खरं. पण काम संपल्यावर सहा महिने पूर्ण अभ्यासाचे असतात आणि ते कुणाच्या मर्जीवर नाहीत. मी इंटर देतेय. आठाऐवजी सहा पेपर, वर्षात तीन वेळा परीक्षा. एक ग्रुप गेला तरी चार महिन्यांत पुन्हा बसता येतं. आधी सहा महिने घरी बसून लोकांचे प्रश्न ऐकायचे.

मला खुपतं ते वेगळंच. पेपर इंग्रजीत लिहा नाहीतर हिंदीत. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीला कायद्याचा पेपर समजतो, पण ते उत्तर कागदावर उतरत नाही. आमच्या वर्गात घरी तेलुगू, शाळेत मराठी, अशा मुलीही आहेत. त्यांच्यासाठी तर ही तिसरी भाषा. योजना बदलली, यावर कुणी शब्द काढला नाही.

कॉमर्सच्या बाई
भाषेबद्दल अगदी खरं. मी पदवीच्या वर्गांना कॉस्टिंग शिकवते, म्हणून एक मुद्दा माझाही. फायनलमधला स्ट्रॅटेजिक कॉस्टचा पेपर काढून सेल्फ-पेस्ड मॉड्यूलमध्ये टाकला. मुलं तो ऑनलाइन उरकतील. एका चादरीला सूत किती, रंगाई किती, मजुरी किती, हे या गावात ज्याला सांगता येतं त्याची गरज कारखानदाराला रोज पडते. इंटरला कॉस्टिंग आहे, ते ठीक. पण पुढचं खोल शिक्षण पेपरातून गेलं हे मला अजिबात मान्य नाही.

आणि कीर्दखतावणी, बहिणीनं शेवटच्या वर्षातच तात्पुरती नोंदणी करायला हवी होती. ती सोय डायरेक्ट एन्ट्रीत आहे. आठ महिने तेव्हाच मोजायला लागले असते.

कीर्दखतावणी
बाई, हे आम्हाला कॉलेजात कुणीच सांगितलं नाही. तिच्या वर्गातल्या एकीलाही माहीत नव्हतं.

जुनापीईटू सर, तुमचे चार जण मी नाकारत नाही. पण त्यांच्यासाठी दार बंद करायची गरज नव्हती. एक ग्रुप काढा आणि लागा, असं ठेवता आलं असतं. फाउंडेशनवाल्यांना नव्या योजनेआधी तेच होतं. एक ग्रुप निघाला म्हणजे पाया आहे हे दिसतंच की.

जुनापीईटू
एक ग्रुपवाल्यांचाच दुसरा ग्रुप अडकतो. मी म्हटलेल्या चौघांतले तिघे तसेच होते.
बहिणीची नोंदणी मात्र डिसेंबर संपायच्या आत करा, म्हणजे सप्टेंबरला बसता येईल. आणि १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू. जुनी पुस्तकं कुणी फुकट दिली तरी टॅक्सचं घेऊ नका.

होटगी रोड
ताईला सांगा, जानेवारीचा अटेम्प्ट गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, येतो. २०२५ ला संक्रांतीमुळे फाउंडेशनचा १४ तारखेचा पेपर १६ ला नेला होता. घर देवळाजवळ असेल तर अभ्यासाला दुसरीकडे जागा बघून ठेवा.

कीर्दखतावणी
सांगतो. नोंदणी या आठवड्यातच करतोय. घरखर्चाचं बघायला तिनं सकाळी दोन तास एका दुकानाची जीएसटी रिटर्न भरायचं काम धरलंय. तिला आर्टिकल म्हणून लावून घेतलं असतं तर हेच काम उमेदवारीत मोजलं गेलं असतं, एवढंच माझं म्हणणं आहे.