पहिला थेट ग्राहक कुठे भेटला? भाषांतरकारांनो, अनुभव लिहा

धागाकर्ती, पुणे (इंग्रजी–मराठी)

मी ११ वर्षं भाषांतरं करते आहे आणि त्यातली नऊ एजन्सीच्या मेलची वाट बघण्यात गेली. "उद्या सकाळी १० पर्यंत ४,००० शब्द, दर नेहमीचा." नेहमीचा म्हणजे शब्दाला ८० पैसे. मागच्या महिन्यात एका विमा पत्रकाची मूळ ऑर्डर चुकून मेलच्या शेपटाला चिकटून माझ्याकडे आली. एजन्सी त्याच कामाचे शब्दाला साडेतीन रुपये लावत होती. राग आला नाही असं म्हणणार नाही. पण ते पत्रक ज्या बाईंनी पाठवलं होतं त्यांना माझं नावही ठाऊक नाही, आणि ते ठाऊक व्हावं म्हणून मी नऊ वर्षांत काहीएक केलेलं नाही, हेही खरंच.

म्हणून हा धागा. पहिला थेट ग्राहक (मधे एजन्सी नसलेला) नेमका कुठे भेटला, पैशाचं बोलणं कसं झालं, काय फसलं, ते लिहा. "नेटवर्किंग वाढवा" असं लिहायचं असेल तर कोणाबरोबर, कुठे, आणि चहाचे पैसे कोणी दिले तेही लिहा.

चाकणची दुभाषी

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले, एन-२ ही जपानी भाषेची परीक्षा पास झाले, आणि एजन्सीमार्फत चाकणच्या एका प्लांटमध्ये दुभाषी म्हणून जाऊ लागले. जपानहून इंजिनियर आला की दोन आठवडे त्याच्या बाजूला हेल्मेट घालून उभं राहायचं. करारात अट होती की एजन्सीच्या ग्राहकाशी वर्षभर थेट व्यवहार करायचा नाही. ती मी पाळली. मोडणाऱ्या दोघी माहीत आहेत. त्यांचं पुढे काय झालं ते इथे नको.

माझा ग्राहक त्या प्लांटचा नव्हताच. भोसरीत वर्कशॉप असलेले, त्या प्लांटला फिक्श्चर (काम करताना सुटा भाग घट्ट धरून ठेवणारी साधनं) पुरवणारे एक काका होते. मीटिंगमध्ये समोरच्या रांगेत गप्प बसायचे. एका ड्रॉइंगच्या कोपऱ्यात जपानीत टीप होती: 'खात्री करून घ्यावी'. त्यांच्या भाच्याने मोबाइलवर फोटो काढून वाचलं, 'खात्री केली आहे'. झालं, ६० नग त्याच मापाने कापले आणि सगळे रिजेक्ट. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये ताट घेऊन माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "मॅडम, एवढं दोन ओळी वाचून द्याल का?" दिल्या. पुन्हा आले, पुन्हा दिल्या. तिसऱ्या वेळी मी दर सांगितला, शब्दावर. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "शब्द कोण मोजणार मॅडम? शीटला किती ते सांगा." ए-३ शीटला ६०० ठरले. शब्दावर हिशेब केला तर तो एजन्सीच्या तिप्पट जातो, पण काकांना ६० नगांपुढे ६०० रुपये काहीच वाटले नाहीत.

एजन्सीला आधी मेल करून विचारलं होतं की हा पुरवठादार तुमचा ग्राहक धरायचा का. 'नाही' असं लेखी आलं. मग काकांनी त्यांच्याच गल्लीतल्या आणखी तिघांना माझा नंबर दिला. वेबसाइट मी अजून केलेली नाही.

सातारी मोडी

आमचा धंदा मुळात धंदा नव्हता. नोकरीतून निवृत्त झालो, वेळ जावा म्हणून पुराभिलेख संचालनालयाचा मोडी लिपीचा वर्ग केला. पहिलं काम एका वकिलांकडून आलं, शंभर वर्षांपूर्वीच्या खरेदीखताचं. त्यांच्या कारकुनाला मी वर्गात सोबत असल्यामुळे ठाऊक होतो. दर मलाच माहीत नव्हता. "द्या काय द्यायचं ते," म्हणालो. ही पहिली चूक. त्यांनी दोनशे रुपये आणि पेढे दिले.

मग २०२३ उजाडलं. न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली आणि मोडी वाचता येणाऱ्या माणसाच्या दारात रात्री अकराला गाड्या थांबू लागल्या. गाव नमुना १४, कोतवाल बुक, खासरा पत्रक, कुळ नोंदवही अशी जुनी सरकारी दप्तरं. सगळे फोटो मोबाइलवर, अर्धे हललेले. ग्राहक शोधायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न उलटा होता. समोर बसलेल्याला 'कुणबी' हा एकच शब्द वाचून हवा असायचा, आणि तो तिथे नसला तर?

एक गृहस्थ आजोबांची जन्मनोंद घेऊन आले. जातीच्या रकान्यात नुसतं 'कु' होतं आणि पुढचा कागद वाळवीने खाल्लेला. म्हणाले, "गुरुजी, लिहा की पूर्ण." मी लिहिलं, 'कु, पुढील अक्षरे नष्ट.' चिडले. पैसे टेबलावर टाकून गेले. त्या दिवशी एक पाटी करून भिंतीला लावली: 'पानाला ३०० रुपये, आधी. जे दिसेल तेच लिहिले जाईल.' निम्मे लोक पाटी वाचून परत जायचे. पण वकिलांमध्ये ती पाटी फिरली. एकाने तिचा फोटोही काढून नेला. आता गर्दी ओसरली आहे आणि जी कामं येतात ती बहुतेक जमिनीच्या दाव्यांची, वकिलांकडूनच. मघाचे ते गृहस्थ? गेल्या दिवाळीच्या आधी आले होते. भावकीचा वाद, वाटणीपत्र मोडीत. "तुम्हीच वाचा," म्हणाले. पैसे आधी ठेवले.

ठाणेकर

मी १४० कंपन्यांना मेल पाठवले. रेझ्युमे जोडून, 'आदरणीय महोदय' लिहून. दोन उत्तरं आली, त्यातलं एक स्वयंचलित होतं.

मग हुशारी सुचली. एका कर्ज देणाऱ्या अॅपची मराठी आवृत्ती उघडली, सव्वीस चुका काढल्या आणि यादी करून पाठवली. त्यांनी 'मायनर' म्हणजे अल्पवयीन खातेदाराला 'किरकोळ खातेदार' केलं होतं आणि त्याच्या पालकाला 'किरकोळचा संरक्षक'. मला वाटलं, खूश होतील. उत्तर आलं: "आपल्याला हे परीक्षण करायला कोणी सांगितले?" बरोबर आहे. ज्याने ते करून घेतलं होतं त्याच्याच टेबलावर मी यादी ठेवली होती.

पुढच्या वेळी दुसऱ्याच कंपनीचं अॅप घेतलं, आणि चुका दाखवल्या नाहीत. फक्त एक स्क्रीन, त्यांची 'कर्जफेड चुकल्यास' ही पायरी, आईला कळेल अशा मराठीत लिहून पाठवली. यावेळी मेल तक्रार निवारण अधिकाऱ्याला केला. त्यांचा पत्ता वेबसाइटवर द्यावाच लागतो. कर्जदाराला त्याच्या भाषेत कळवावं असं रिझर्व्ह बँकेची न्याय्य व्यवहार संहिता सांगते, आणि न कळलेल्या कागदांवरच्या तक्रारी त्याच बाईंच्या डोक्यावर येत होत्या. तीन आठवड्यांनी फोन आला. आज माझं निम्मं उत्पन्न तिथून येतं. ते निम्म्याच्या वर जाईल, सगळं एकाच ग्राहकावर येईल, याची मात्र धास्ती आहे.

फोंड्याहून

आमच्याकडे प्रकार वेगळा. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पर्यंतचे जमिनीचे आणि जन्म-लग्नाचे पुष्कळ कागद पोर्तुगीजमध्ये आहेत. एस्क्रितुरा (नोंदवलेले दस्त), इन्व्हेंटारिओ (वारसांच्या मालमत्तेची यादी), मात्रिजचे (करनोंदवहीचे) उतारे. जागा विकायची म्हटली की वकिलाला मालकीचा माग काढावा लागतो आणि तिथे भाषा आडवी येते. मी पणजीत पोर्तुगीज शिकले तेव्हा वर्गातले बरेच जण पोर्तुगालच्या पासपोर्टसाठी आलेले. मला वाटलं, तेच माझे ग्राहक. तसं झालं नाही. ते एकदाच येतात, घासाघीस करतात आणि काम झालं की लिस्बन गाठतात. टिकले ते टायटल शोधणारे वकील. त्यांतले पहिले कोर्टाच्या झेरॉक्सवाल्याने दाखवले. कुठला वकील कुठल्या भाषेच्या कागदासाठी रोज डोकं धरून बसतो, ते त्याच्याएवढं कोणालाच ठाऊक नसतं. सातारचे गुरुजी म्हणतात तसंच इथेही. अक्षर लागलं नाही तर 'वाचता आले नाही' असं लिहायचं. मी पहिल्या वर्षी एका आडनावाचा अंदाज केला होता. त्याची आठवण आली की अजून पोटात गोळा येतो.

नाशिक, ४५ दिवस

मिळवण्याचं सगळे लिहितायत, मी वसुलीचं लिहितो. एका कारखान्याचं सुरक्षा पुस्तिकेचं काम थेट मिळालं. मशिनवरचे इशारे, रसायनांच्या सूचना, मिळून १८,००० शब्द. बिल ४५,०००. खरेदी विभाग म्हणाला 'प्रोसेसमध्ये आहे'. पाच महिने प्रोसेसमध्येच होतं.

तेव्हा सीएबाईंनी विचारलं, "उद्यम नोंदणी केली आहे का?" नव्हती. फुकट असते, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते, आणि मी ती केलेली नव्हती. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला की बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या, १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४३ बी (एच) कलमामुळे, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत दाखवता येत नाही. पण सीएबाईंच्या मते नोंदणी कामाच्या आधीची हवी. ते बिल शेवटी हातापाया पडूनच मिळालं, १० टक्के टीडीएस कापून.

आता दरपत्रकावर उद्यम क्रमांक छापलेला असतो. त्यावर एक शब्दही बोलत नाही. कंपनीच्या अकाउंटवाल्यांना तो बघून काय कळायचं ते कळतं. आणि हो, नव्या ग्राहकाकडून निम्मे पैसे आधी. सुरुवातीला घसा कोरडा पडायचा मागताना.

नागपूरकर

मी उलटा प्रवास केला, थेट ग्राहक सोडून पुन्हा एजन्सी. एक रुग्णालय होतं, चांगले पैसे द्यायचे. पण रविवारी दुपारी फोन, "ताई, फक्त एक बोर्ड आहे." मग त्यांच्या जाहिरातवाल्याला मजकूर आवडेना, त्याच्या बायकोला 'उपचार'ऐवजी 'ट्रीटमेंट'च हवं. अकरावी दुरुस्ती झाल्यावर मी हिशेब मांडला, तर तासाला एजन्सीपेक्षा कमी पडत होते. एजन्सीतला मुलगा दर कमी देतो, पण त्या जाहिरातवाल्याला तो तोंड देतो. त्या कमिशनचं काही मोल असतं हे मला आधी पटलं नसतं. दोन दुरुस्त्या फुकट, पुढे पैसे, हे तेव्हा लिहून घेतलं असतं तर कदाचित टिकले असते.

स्टुटगार्टहून

इथे न्यायालयात शपथ घेतलेल्या भाषांतरकारांची अधिकृत यादी इंटरनेटवर सर्वांना खुली असते. माझं नाव त्यात मराठीसाठी लागलं आणि ग्राहक आपोआप यायला लागले. बहुतेक कामं जन्मदाखल्यांची आणि लग्नाच्या नोंदींची. मी कोणालाही मेल केला नाही, त्यामुळे मला सल्ला द्यायचा अधिकार नाही. फक्त एक: महापालिकेच्या दाखल्यावर 'सौ.' आणि 'श्रीमती' यांचं काय करायचं, ते इथल्या अधिकाऱ्याला एका तळटीपेत समजावून दिलं, तर त्याच कार्यालयातून पुढचे तिघे माझ्याकडेच येतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. चाकणच्या ताई, तुमचं वाचून परवा खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंकडे गेले. आठ वर्षं एकाच लिफ्टने जातो-येतो आणि त्यांना वाटत होतं मी घरून 'कॉम्प्युटरचं काहीतरी' करते. त्यांच्याकडे मराठी मृत्युपत्रं इंग्रजीत करून द्यायची असतात, कारण वारस परदेशात असतात. आतापर्यंत ज्युनियर करतो. "किती घेता?" म्हणाल्या. मी शब्दांचं सुरू करणार होते, जीभ आवरली आणि 'पानाला ४००' म्हटलं. त्यांनी मान हलवली. होकार होता की नुसतीच मान, कळलं नाही. "एक पाठवते संध्याकाळी," म्हणाल्या. त्याला आता दोन संध्याकाळी झाल्या. चहा त्यांनी पाजला.