लेखासाठी फुकट चित्रं: परवाना, धुरकट स्क्रीनशॉट आणि तुटणारी मराठी अक्षरं

कानामात्रा
लेखांना लावायला चित्रं हवी आहेत. प्रत्येक लेखाला मथळ्याचं एक चित्र आणि एक-दोन स्क्रीनशॉट. पैसे न देता काम व्हायला हवं. तीन ठिकाणी गाडं अडलंय.

१. 'सीसी बाय-एसए' (क्रिएटिव्ह कॉमन्सचा: श्रेय द्या आणि बदललेलं चित्रही त्याच परवान्याखाली द्या) परवान्याच्या फोटोवर मथळा टाकला, तर अख्खा लेखही त्याच परवान्याखाली जातो का?
२. फोटो ठीक दिसतात, पण स्क्रीनशॉट धुरकट. जेपीजी, गुणवत्ता ८०. लाल अक्षरांच्या कडा तर पार फिसकटतात.
३. चित्रावर 'स्थिती' लिहिलं की वेलांटी भलत्याच जागी जाते. आणि 'दऱ्या' पेस्ट केलं की 'दर्या' होतो!

पिक्सेलपंत
पहिल्याचं उत्तर: नाही. लेखात फोटो नुसता ठेवला तर लेख आणि फोटो या दोन स्वतंत्र वस्तू राहतात. फोटोवर मथळा चढवून जे नवं चित्र होतं, ते मूळ फोटोचं रूपांतर. तेवढंच चित्र 'एसए'खाली द्यायचं, लेखाचा मजकूर तुमचाच.

श्रेयाच्या ओळीत चार गोष्टी हव्यात: चित्राचं नाव, करणाऱ्याचं नाव, मूळ पानाची लिंक, परवान्याची लिंक. बदल केला असेल तर तोही सांगायचा. म्हणजे साधारण असं: 'चित्राचं नाव, छायाचित्रकाराचं नाव, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०, मथळा जोडला आहे'. लिंक फाइलच्या माहितीपानाची द्या, थेट जेपीजीची नको. तिथे परवाना दिसत नाही. कॉमन्सवर (विकिपीडियाच्या चित्रभांडारावर) 'यूज धिस फाइल' दाबलं की ओळ तयार मिळते. बाकी 'सौजन्य: गूगल' ही श्रेयाची ओळ नव्हे, कबुलीजबाब आहे.

परवान्याची आवृत्तीही बघा. २०१३ साली आलेल्या ४.० मध्ये चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर परवाना आपोआप परत लागू होतो. आधीच्या आवृत्त्यांत ही सवलत नाही, आणि जुने फोटो बरेचदा २.० खाली असतात.

परवान्यात 'एनडी' (बदल करायला मनाई) असेल तर त्यावर मथळा टाकून प्रसिद्ध करता येत नाही. 'एनसी' (व्यापारी वापराला मनाई) असेल आणि पानावर जाहिराती असतील तर वाद घालत बसू नका, दुसरा फोटो घ्या. कॉमन्सवर या दोन्ही अटींचे फोटो मुळात घेतच नाहीत, म्हणून शोध तिथून सुरू केलेला बरा. ओपनव्हर्स अनेक संग्रह एकदम धुंडाळतं, पण परवाना मूळ पानावर जाऊनच तपासायचा.

अनस्प्लॅश आणि पिक्साबे या फुकट फोटोंच्या साइट 'सीसी झिरो' (सगळे हक्क सोडलेल्या) आहेत असं अजून बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते जुनं झालं. अनस्प्लॅशने २०१७ मध्ये आणि पिक्साबेने २०१९ मध्ये स्वतःचा परवाना आणला. लेखात वापरायला फरक पडत नाही, श्रेयही सक्तीचं नाही. मात्र फोटो जसाच्या तसा विकता येत नाही. खरंखुरं 'सीसी झिरो' हवं असेल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आणि स्मिथसोनियनने २०२० पासून खुली केलेली चित्रं बघा. जुनी रेखाटनं, नकाशे, वनस्पतींची चित्रं यांची तिथे खाण आहे.

चौकट_राजा
दुसऱ्याचा दोष गुणवत्तेच्या आकड्यात नाही. जेपीजी उजेड-अंधाराची नोंद प्रत्येक पिक्सेलची ठेवतं, पण रंगाची नोंद सहसा २×२ पिक्सेलच्या चौकोनाला मिळून एकच. फोटोत डोळ्याला ते कळत नाही. लाल अक्षराची एक पिक्सेलची कड मात्र त्या चौकोनात विरघळते. लॉसी (तपशील गाळून लहान होणाऱ्या) वेबपीचीही हीच रड.

स्क्रीनशॉट सुरुवातीपासून पीएनजीत ठेवा, त्यात काही गाळलं जात नाही. फाइल जड झाली तर स्क्वूश हे चित्र लहान करणारं साधन उघडा (ब्राउझरमध्येच चालतं) आणि पॅलेट २५६ रंगांवर आणा. जेपीजी झालेला स्क्रीनशॉट नंतर पीएनजी करून काही मिळत नाही, डाग तसेच राहतात, पुन्हाच काढा. जेपीजीच हवं असेल तर गिंप या फुकट चित्रसंपादकात एक्सपोर्ट करताना सबसॅम्पलिंग ४:४:४ निवडा, म्हणजे रंगाचीही नोंद प्रत्येक पिक्सेलची राहते.

धुरकटपणाचं दुसरं कारण रुंदी. मजकुराचा रकाना ७२० पिक्सेलचा असेल तर चित्र १४४० चं द्या, म्हणजे दाट पडद्यावरही नीट दिसेल. फोटोला जेपीजी ७५ पुरे. २०० केबीच्या वर जात असेल तर आधी रुंदी तपासा, बहुतेकदा कॅमेऱ्यातले सहा हजार पिक्सेल तसेच राहिलेले असतात. शेअर केल्यावर दिसणाऱ्या चित्रासाठी १२००×६३०. मथळा कडेपासून थोडा आत ठेवा, काही ठिकाणी कडा कापल्या जातात.

रफार
तिसऱ्यात दोन वेगळे रोग आहेत. वेलांटी चुकते कारण त्या प्रोग्रामला देवनागरीची जुळणी येत नाही. इंकस्केप (रेखाचित्रांचा फुकट प्रोग्राम) किंवा गिंपमध्ये तोच मजकूर टाका, सरळ होईल.

'दऱ्या'चं प्रकरण निराळं. काही कीबोर्ड तो र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि या असा लिहितात. पेस्ट करताना ते चिन्ह गळलं की दरीचा समुद्र होतो. नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त आणि मग या लिहा. अदृश्य काही उरतच नाही.

तयार टेम्प्लेट घेत असाल तर दोन आकडे लगेच बदला. अक्षरांतलं अंतर शून्य करा, नाहीतर शिरोरेघेला खिंडारं पडतात. ओळींतलं अंतर १.४ च्या आसपास न्या. रोमन लिपीसाठी ठेवलेल्या १.१ मध्ये वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर आदळतो. फॉन्ट मुक्त, बालू किंवा नोटो सान्स देवनागरी, तिन्ही खुल्या परवान्याचे. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी.

फोटोवर पांढरा मथळा असेल तर मध्ये ५० टक्के काळा थर टाका. एसव्हीजी (रेषांच्या रूपात साठवलेली चित्रफाइल) द्यायची असेल तर इंकस्केपमध्ये 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा (अक्षरांच्या नुसत्या रेषा होतात), म्हणजे वाचणाऱ्याकडे फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. त्याआधी एक प्रत वेगळी ठेवा. पाथ झाल्यावर शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करता येत नाही.

कानामात्रा
ऱ ची युक्ती लागू पडली. एकच उरलं: टाकणाऱ्यानेच दुसऱ्याचा फोटो उचलून सीसी म्हणून टाकला असेल तर?

पिक्सेलपंत
तर तो परवाना पोकळ. टिनआय या साइटवर उलटा शोध (फोटो देऊन तो आणखी कुठे आहे ते शोधणं) घ्या आणि सगळ्यात जुनी प्रत कुठली ते बघा. फोटो जेमतेम ८०० पिक्सेलचा, कॅमेऱ्याची माहिती पुसलेली आणि त्याच खात्यावर दहा तऱ्हांचे फोटो दिसले की सोडून द्या. माणसाचा चेहरा असेल तर आणखी जपून: परवाना छायाचित्रकाराचा हक्क देतो, त्या माणसाची संमती नाही. आजार, कर्ज, गुन्हा अशा लेखाला ओळखू येणारा चेहरा लावूच नका.

आणि उतरवतानाच माहितीपानाचा स्क्रीनशॉट काढून फाइलशेजारी ठेवा, तारखेसकट. सीसी परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, पण पान उडालं तर तो दिला होता हे दाखवायचं तुम्हालाच.