चामखीळ आणि होमिओपॅथी : तुमचा अनुभव काय?

गोव्यात कुणाच्या बोटावर चामखीळ दिसली की समोरचा डॉक्टर असो वा नसो, ‘थुजा घे’ (चामखिळीवरचं होमिओपॅथीचं औषध) हे ठरलेलं. शिरोड्याला होमिओपॅथीचं कॉलेज आहे, गावोगावी दवाखाने आहेत, आणि त्या गोड गोळ्या मुलं कुरकुर न करता खातात. कापाकापी नाही, जाळणं नाही, म्हणून बरेच जण सुरुवात तिथूनच करतात. ज्यांनी औषध घेतलं आहे त्यांनी लिहा. नुसतं ‘गुण आला’ नको. चामखीळ कुठे होती, किती जुनी, सोबत आणखी काय लावत होता, गेली ती परत उगवली का, हे सांगा. गेली नसेल तर तेही सांगा.

फोंडा :
माझी मुलगी तिसरीत. उजव्या हाताच्या बोटांवर फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या खरखरीत चामखिळी. डॉक्टरबाईंनी हात पाहिला जेमतेम, प्रश्न मात्र भरपूर : घाम कुठे येतो, अंधाराला घाबरते का, खारट आवडतं की गोड. थुजा 200 दिलं. पथ्य म्हणून कॉफी, कच्चा कांदा आणि कापूर बंद. मी विचारलं, तिरफळं चालतील? बांगड्याच्या हुमणात तिरफळ नाही तर मग खायचं काय! त्या हसल्या, म्हणाल्या, गोळी घेण्याच्या आसपास नको, एवढंच. पावसाच्या तोंडावर सुरू केलं, गणेश चवथीला बोटं स्वच्छ. दुसरं काहीही लावलं नव्हतं. माझा विश्वास बसला आहे.

मडगाव :
आमचा मासळीचा धंदा. हात सदा बर्फात नाहीतर पाण्यात, वर काट्यांच्या बारीक जखमा. गोळ्या खूप महिने खाल्ल्या, कॉस्टिकम झालं, थुजा झालं, चामखिळी होत्या तिथेच. शेवटी त्वचेच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांच्याकडून कळलं की मांस-मासळी हाताळणाऱ्यांत हे जास्त दिसतं, कारण भिजून मऊ पडलेल्या कातडीतून विषाणू सहज आत शिरतो. द्रव नायट्रोजन लावला. उणे 196 अंशांचा तो पदार्थ, धूर निघतो, आणि नंतर जी आग होते ती बोलू नका. फोड आला, खपली पडली, गेल्या. नखाच्या कडेची एक मात्र परत आली. आता हातमोजे घालतो, गिऱ्हाइकं हसतात.

वाळपई :
आमच्या आजीचं औषध एकच, काजूबीच्या टरफलाचं तेल. बी भाजताना जे फुटून उडतं तेच. माझ्या भावाच्या गुडघ्यावर काडीने लावलं. चामखीळ गेली, पण भोवतीची कातडीही जळाली. डाग आजही आहे. गोड गोळ्यांनी एवढं तरी झालं नसतं.

डिचोली (मी स्वतः होमिओपॅथ) :
‘चामखीळ म्हणजे थुजा’ ही दुकानातली होमिओपॅथी झाली. मऊ, तुऱ्यासारख्या वाढीला थुजाचा विचार होतो. नखाजवळच्या, जुन्या, पटकन रक्त येणाऱ्यांना कॉस्टिकम. हाताच्या पाठीवरच्या चपट्या गुळगुळीत असतील तर डल्कामारा. पायाच्या तळव्यावर कातडी घट्टे पडल्यासारखी जाड झाली असेल तर अँटिमोनियम क्रूडम. त्यातही माणूस बघूनच औषध ठरतं. मडगावकरांना कुणी काय बघून काय दिलं ते मला माहीत नाही.

पणजी (फार्मसी शिकवतो) :
डॉक्टर, राग मानू नका. माणूस बघून औषध ठरवून केलेली चाचणीही झालेली आहे. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हातावर चामखिळी असलेली मुलं होती. होमिओपॅथी घेतलेल्या 30 पैकी 9 जणांच्या चामखिळी निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटल्या, नुसत्या साखरेच्या गोळ्या घेतलेल्या 30 पैकी 7 जणांच्या. हा काही फरक नव्हे. त्याआधी, 1992 मध्ये, कॅनडात पायाच्या तळव्यावरच्या चामखिळींवर 174 जणांना घेऊन चाचणी झाली. औषध होतं थुजा, अँटिमोनियम क्रूडम आणि नायट्रिक ॲसिड. 18 आठवड्यांनी औषधवाल्यांत 20 टक्के बरे, साखरवाल्यांत 24.4 टक्के. आणि 12 सी पोटेन्सीच्या (म्हणजे औषध बारा वेळा, दर वेळी शंभर पट पातळ केल्याच्या) पुढे मूळ पदार्थाचा एखादा रेणू गोळीत असण्याची शक्यता नगण्य. थुजा 200 त्याच्या कितीतरी पुढे.

फोंडा :
मग माझ्या मुलीच्या गेल्या त्या कशा?

पणजी :
ताई, बहुधा आपल्या आपणच. चामखीळ एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होते. शरीराला त्याची ओळख पटली की कित्येकदा सगळ्या एकदम गळतात. मुलांमध्ये साधारण दोन-तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत काही न करता जातात. त्या काळात जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं.

फोंडा :
असेल. पण डॉक्टरबाई निदान जाळायला निघाल्या नाहीत.

(मूळ प्रश्न माझा, म्हणून मधेच बोलतो आहे असं नको, पण फोंड्याच्या ताईंशी इथे मी सहमत आहे. लहान मुलाला, दुखत नसेल तर, नुसतं थांबणंही चालतं. फक्त त्या थांबण्याचे कुणी पैसे घेत असेल तर ते कळलेलं बरं.)

म्हापसा :
दाढीच्या जागेवर बारीक चपट्या चामखिळींची ओळ. होमिओपॅथनेच आधी रेझर बंद करायला सांगितलं, कारण पातं फिरलं की विषाणू पसरतो. गोळ्या घेतल्या, ट्रिमर वापरला, वाढायच्या थांबल्या, मग गेल्या. गोळ्या की ट्रिमर, तुम्हीच ठरवा. माझं मत ट्रिमर.

काणकोण :
तळव्याला टोचत होतं. सगळे म्हणाले कुरूप. मीही औषधाच्या दुकानातून कुरूपाची पट्टी आणणार होतो, पण मला मधुमेह आहे हे ओळखीच्या दुकानदाराला माहीत होतं. त्याने पट्टी दिली नाही. त्या पट्टीत सॅलिसिलिक ॲसिड असतं. साध्या माणसाच्या चामखिळीवर ते चांगलं काम करतं, पण मधुमेहात पायाची संवेदना कमी असली तर जखम झालेली कळतही नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी वरचा थर हलकेच तासला, आत काळे ठिपके दिसले. ती चामखीळ. बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखली, कुरूप सरळ दाबल्यावर दुखतं. आता दर महिन्याला त्यांच्याकडेच तासून घेतो. गोळ्या बायको आणते, त्याही खातो. चामखीळ पूर्वीपेक्षा लहान झाली आहे, पण अजून आहे. गेली की कळवतो.