रेटी ओपनिंग: ई-२ चे प्यादे अखेरपर्यंत जागचे हलले नाही

इंदूरकर
गेल्या रविवारी इंदुरातल्या एका बुद्धिबळ स्पर्धेत पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना माझा डाव असा सुरू झाला (खेळ्या आळीपाळीने पांढऱ्याची, काळ्याची; अक्षर-अंक म्हणजे पटावरचे घर, मोहऱ्याचे नाव नसेल तेथे प्यादे): घोडा एफ-३, डी-५, सी-४, डी-४, जी-३, घोडा सी-६, उंट जी-२, ई-५, डी-३, घोडा एफ-६, कॅसलिंग (राजा आणि हत्ती यांची एकत्रित खेळी), उंट ई-७. बगलेच्या ओपनिंगमध्ये, म्हणजे कडेच्या बाजूने केलेल्या सुरुवातीत, मधल्या घरांना हात लावायचा नसतो, या समजुतीने पुढे मी दुसरा घोडा डी-२ वर, हत्ती ई-१ वर आणि मग बी-३ अशा शांत खेळ्या केल्या. काळ्याने कॅसलिंग करून घोडा डी-७ वर नेला, एफ-५ आणि ई-४ ही प्यादी रेटली आणि माझा राजा उघडा पडला. घड्याळात चाळीस मिनिटे शिल्लक असताना हरलो, याचे अधिक वाईट वाटते. डाव नेमका कोठे बिघडला?

राजवाडा६४
सातव्या खेळीला. बगलेने खेळणारा मधली घरे सोडून देत नाही, त्यांवरचा हल्ला फक्त लांबणीवर टाकतो. आणि काळ्याचे प्यादे डी-४ वर येऊन बसल्यावर लांबणीवर टाकण्यासारखे काही उरत नाही. तेथे ई-३ खेळून त्या प्याद्याला जाब विचारायला हवा होता. आपण हत्ती ई-१ वर आणून त्याच्यासमोरचे प्यादे मात्र ई-२ वरच ठेवले, म्हणजे बंद दारामागे पहारेकरी उभा केला.

बी४प्रेमी
ई-३ उत्तमच, पण मी सातवी खेळी बी-४ केली असती. उंटाने ते प्यादे मारले, तर घोडा ई-५ चे प्यादे मारतो. काळ्या घोड्याने तो घोडा मारताच वजीर ए-४ वरून शह देतो आणि त्याच वेळी बी-४ वरच्या उंटावरही नेम धरतो. काळ्याने घोडा सी-६ वर परत आणून शह अडवला, तर आपला उंट तो घोडा मारतो, बी-७ चे प्यादे त्या उंटाला मारते आणि वजीर बी-४ वरचा उंट उचलतो. हिशेब बरोबरीचा राहतो, पण काळ्याची सी-पट्टीतील प्यादी दुहेरी, म्हणजे एकामागे एक, होतात आणि कॅसलिंगमध्ये राजाला ओलांडाव्या लागणाऱ्या एफ-८ वर वजिराचा डोळा असल्याने त्याला लगेच कॅसलिंगही करता येत नाही. १९२४ साली न्यूयॉर्कला, ही ओपनिंग ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या रेटीने तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका याला हरवले, तेव्हाही तिसरीच खेळी बी-४ होती, अर्थात वेगळ्या मांडणीत.

इंदूरकर
पटावर मांडून पाहिले. सातव्या खेळीला मी जेमतेम एक मिनिट घेतले होते, असे स्कोअरशीटवरच्या वेळेच्या नोंदीवरून दिसते.