दिवाळीनंतर आईचा दम का वाढतो? तिला गावी न्यावे का?

प्रश्न
माझ्या आईचे वय ६७ असून तिला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. विडी-सिगारेटला तिने कधी हात लावला नाही. मात्र करवीर तालुक्यातील आमच्या घरी चाळीस वर्षे शेणी आणि तुरकाट्यांच्या चुलीवर स्वयंपाक केला. आता ती आमच्याकडे कोल्हापुरात असते आणि पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर फिरायला जाते. दिवाळीनंतर परत येताना तिला दोनदा कट्ट्यावर टेकावे लागते, पण हीच आई दुपारी चारला आमचा जिना न थांबता चढते. गावची हवा चांगली, तिकडे न्या, असे नातेवाईक सांगतात. न्यावे का?

उत्तर १
दादा, मी श्वसनविकाराच्या रुग्णांना व्यायाम शिकवते. तुमच्या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे, ते म्हणजे पहाट आणि दुपार यांतला फरक. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होऊन तिथेच अडून राहते, आणि शेकोट्यांचा, कचऱ्याचा, वाहनांचा धूर वर न जाता नाकाच्या उंचीवर साचतो. त्यात गार, कोरड्या हवेने श्वासनलिका आकसतात. ऊन चढले की हवा हलते, म्हणून फिरणे नऊनंतर किंवा दुपारी ठेवावे. बंद मात्र करू नये. पायांचे स्नायू दुबळे झाले की दम आणखी लवकर लागतो. हवेची गुणवत्ता दाखवणाऱ्या 'समीर' ॲपवरचा आकडा २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो, त्यामुळे तो मध्यम दिसला तरी पहाटेची हवा वाईट असू शकते. हवेतल्या सूक्ष्म कणांसाठी (पीएम २.५) आपल्याकडे २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली.

उत्तर २
मी स्वतः नऊ वर्षे इनहेलरवर आहे. गावी नेण्यापूर्वी शिवारात गुऱ्हाळ किती अंतरावर आहे ते पाहा. हंगामात चुलवाण दिवसरात्र पेटलेले असते, चिपाड जरा ओलसर असले तरी धुराचा लोट उठतो, आणि ऊस तुटला की पाचट पेटवणारे अजूनही आहेत. मी गेल्या डिसेंबरात हवापालटासाठी म्हणून गावी गेलो आणि चौथ्या दिवशी नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारे यंत्र) शोधत परतलो. पावसाळ्यात आमचा त्रास निराळा असतो: भिंतींना ओल, कोपऱ्यात बुरशी आणि घरातच वाळत घातलेले कपडे. २०१९ च्या पुरानंतर तर वाळलेल्या गाळाची धूळ आठवडेच्या आठवडे उडत होती.

प्रश्नकर्ता
गुऱ्हाळ दोन शेते सोडून आहे, हे लिहिताना सुचलेच नाही. बेत रद्द. फिरण्याची वेळ बदलायला मात्र आई तयार नाही, कारण तिच्या मैत्रिणी साडेपाचलाच जमतात.

उत्तर १
मग मैत्रिणींनाच नऊला बोलवा. त्यांतल्याही एखाद-दुसरीने चुलीपुढे आयुष्य काढले असेल. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे आईंना इनहेलर स्वतः ओढून दाखवायला सांगा. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांची औषधाची मात्रा बरोबर असते, पण फवारा जिभेवरच संपतो. इनहेलरला स्पेसर (फवारा साठवून सावकाश ओढू देणारी नळी) लावल्यास आईंना सोपे जाईल.