अनुभव धागा: रिकामं स्टेडियम बघायला पैसे देऊन गेलात का कधी?

रंकाळ्याकाठची
काल आप्पांचा जुना स्वेटर उन्हात टाकायला काढला, तर खिशातून लाल फीत निघाली. गळ्यात अडकवायची, अ‍ॅनफिल्डच्या, म्हणजे लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या स्टेडियमच्या टूरची. 2019 च्या सप्टेंबरात आम्ही लिव्हरपूलपासून पाऊण तासावर राहत होतो आणि आई-आप्पा तीन महिन्यांसाठी आले होते. मॅचची तिकिटं मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून टूर काढली. आप्पांचा पहिला प्रश्न: "मॅच नाही, मग बघायचं काय? खुर्च्या?"

आमचे आप्पा म्हणजे कोल्हापूरचे, पाटाकडील तालमीचे, म्हणजे तिथल्या फुटबॉल टीमचे. शाहू स्टेडियमवर मॅच असली की घरात त्या दिवशी कोणी पाहुणे बोलवायचे नाहीत हा नियम. आमच्या लग्नाची तारीखसुद्धा सीझन बघून धरली होती (आई अजून ऐकवते).

तर आम्ही गेलो. कानाला लावायचं एक यंत्र देतात, त्यात बऱ्याच भाषा. मराठी नाही, अर्थातच. आप्पांनी ते गळ्यात घातलं, कानाला लावलंच नाही. आधी मेन स्टँडच्या अगदी वर नेतात. तो स्टँड 2016 मध्ये वाढवलाय, वरून सगळं शहर दिसतं. आप्पा खाली बघून म्हणाले, "एवढ्या लांबनं रेफ्रीला शिव्या ऐकू जात न्हाईत."

मग ड्रेसिंग रूम. ओळीने जर्सी टांगलेल्या. आप्पा सरळ सालाह या खेळाडूच्या जर्सीखाली जाऊन बसले, चप्पल काढून! तिथला वॉलंटियर म्हातारा, आप्पांच्याच वयाचा. त्याची बोली मला सहा वर्षं राहूनही कळत नव्हती, पण आप्पा त्याच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. त्याने विचारलं, तुमची टीम कोणती? आप्पा म्हणाले, "पाटाकडील." तो म्हणाला, हू? आप्पांनी पुन्हा, जरा मोठ्याने, "पा-टा-क-डील." त्याने तीनदा म्हणून बघितलं. "पॅटा-कडल." शेवटी दोघांनी हात मिळवले.

खाली मैदानाकडे जाताना तो प्रसिद्ध बोर्ड येतो, 'धिस इज अ‍ॅनफिल्ड'. जुना मॅनेजर बिल शँक्लीच्या काळात लावलेला, पाहुण्या टीमला धडकी भरावी म्हणून. क्लॉप मॅनेजर म्हणून आला तेव्हा त्याने आपल्या खेळाडूंना सांगितलं होतं, काहीतरी जिंकेपर्यंत याला हात लावायचा नाही. सगळे पर्यटक हात लावून फोटो काढत होते. आप्पांनी लावला नाही. म्हणाले, आपण कुठं काय जिंकलंय.

आणि मग बाहेर हिल्सबरोचं स्मारक, तिथल्या स्टेडियमातल्या चेंगराचेंगरीत गेलेल्या लिव्हरपूलच्या चाहत्यांचं. तेव्हा त्यावर 96 नावं होती, आता 97 आहेत. नावापुढे वय लिहिलेलं. आप्पा बोटाने एकेक वाचत गेले. सगळ्यात लहान 10 वर्षांचा. मी म्हटलं आप्पा चला, पाऊस येतोय. ते म्हणाले, थांब, सगळी वाचू दे.

तुम्हीही असं रिकामं मैदान बघायला गेला असाल तर लिहा. फुटबॉलच हवं असं काही नाही, पण क्रिकेटवाल्यांनी धागा पळवू नये 😀

दिलबहारचा_बंड्या
पाटाकडील! तरीच बोर्डाला हात लावला नाही.
(आप्पांना नमस्कार सांगा. दिलबहारकडून, म्हणजे समोरच्या टीमकडून.)

रंकाळ्याकाठची
@बंड्या, सांगितलं. उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

कोथिंबीर जुडी
चप्पल काढून 😂😂 माझे सासरे पण विमानात चप्पल काढून मांडी घालून बसले होते

बाबागाडी नेता येते का टूरला? जानेवारीत जायचंय बहिणीकडे, पोर दीड वर्षाचं

निळी छत्री
मी लिव्हरपूलला चार वर्षं होतो, पण घर गुडिसनच्या, म्हणजे तिथल्या दुसऱ्या क्लबच्या, एव्हर्टनच्या मैदानाच्या बाजूला, त्यामुळे नाइलाजाने एव्हर्टनवाला. लोकांना माहीत नसतं, म्हणून सांगतो: अ‍ॅनफिल्ड मुळात एव्हर्टनचं. 1884 पासून तेच खेळायचे तिथे, 1891 ला लीगसुद्धा तिथूनच जिंकली. जॉन हौल्डिंग म्हणून बडी असामी, जागा त्याच्या ताब्यात. भाड्यावरून वाजलं. 1892 ला भाडेकरू सामान उचलून स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गेले आणि गुडिसन बांधलं. मालकाकडे मैदान होतं, टीम नव्हती. मग त्याने नवीनच क्लब काढला, तो लिव्हरपूल. पुण्यातल्या वाड्यांत यापेक्षा जास्त भांडणं झालीत, पण मालकाने रागाने नवा भाडेकरूच जन्माला घातला असं मी ऐकलेलं नाही.

गुडिसनच्या टूरला मी तीनदा गेलो. स्टेडियमच्या एका कोपऱ्यात दोन स्टँडच्या मध्ये चक्क चर्च आहे, सेंट ल्यूक्स. स्टेडियम त्याला चिकटून वाढलं. लाकडी खुर्च्या, मध्येच खांब. तिकीट काढून खांब बघत बसायचा. मे 2025 मध्ये पुरुषांच्या टीमची शेवटची मॅच झाली तिथे, आता ते गोदीवरच्या नव्या स्टेडियमात गेलेत. पाडणार असं आधी ठरलं होतं, पण महिलांच्या टीमला दिलं. ते वाचून रात्री उगाच दोन वाजेपर्यंत जागा होतो. इथे खारघरमध्ये बसून.

रंकाळ्याकाठची
@निळी छत्री, शाहू स्टेडियमशेजारी रावणेश्वराचं देऊळ आहे ना, तसंच की हे. आप्पांना चर्चचं सांगायला हवं होतं, आपल्याला माहीतच नव्हतं!
@कोथिंबीर, लिफ्ट आहे पण पायऱ्यापण आहेत, बुक करताना विचारून घे. आणि मॅचच्या दिवशीचं घेऊ नकोस, त्या दिवशी सगळं आतलं दाखवत नाहीत.

एसेनची वहिनी
भाजी फोडणीला टाकून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमच्याकडे जर्मनीत, शेजारच्या गेल्सेनकिर्शेनला शाल्के या फुटबॉल क्लबचं स्टेडियम. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. नवरा आणि दीर, दोघं मेकॅनिकल इंजिनियर, ते गेले म्हणून गेले. तिथे मैदानच बाहेर काढतात! अख्खं. 11,000 टन वजनाचं गवत ट्रेमध्ये ठेवल्यासारखं स्टँडखालून सरकत बाहेर उन्हात जातं. आत छप्पर असल्यामुळे गवताला ऊन मिळत नाही म्हणून. मी म्हटलं, म्हणजे वाळवणच की! सकाळी पाटावर कुरडया घालून गच्चीत ठेवायच्या, पाहुणे यायच्या आत उचलून घरात आणायच्या. नवऱ्याने असं बघितलं जसं मी त्याच्या देवाला पापड म्हटलं. दीर मात्र म्हणाला की वहिनी, तत्त्व तेच.

शिवाय आत प्रार्थनाघर आहे, तिथे लग्नं आणि बारशी होतात, म्हणजे बाप्तिस्मे. आणि बिअरची पाइपलाइन, पाच किलोमीटर! दिराने तिथे गाइडला एवढे प्रश्न विचारले की मागचे जर्मन लोक घड्याळ बघायला लागले. जर्मन लोकांना घड्याळ बघायला लावणं सोपं असतं म्हणा.

मला आवडला तो खेळाडू मैदानात येतात तो बोगदा. कोळशाच्या खाणीसारखा केलाय, काळा, खडबडीत. हा सगळा भाग खाणींचा. गाइडचे आजोबा खाणीत होते. तो ते सांगताना भिंतीला हात लावून उभा होता. आमचे वडील बल्लारपूरचे, कोळशाच्या खाणीत. मला तिथे एकदम घरचा काळा साबण आठवला. हात धुवायचा वेगळा असायचा ना त्यांचा.

भाजी लागली.

दिलबहारचा_बंड्या
पाच किलोमीटर पाइपलाइन. मी धागा सोडून जर्मनीला निघालो.

लोकलवाली
डोंबिवली-नेरूळ करत लिहितेय. 2017 ला 17 वर्षांखालच्या वर्ल्डकपला डी. वाय. पाटीलला मी वॉलंटियर होते. ऑक्टोबरमध्ये माली आणि स्पेनची सेमीफायनल झाली तिथे. टूर नव्हे, पण मॅचच्या आधी आम्हाला सगळं फिरवून दाखवलं होतं. ड्रेसिंग रूम, बोगदा, कुठे उभं राहायचं, कुठे नाही. रिकाम्या स्टेडियमात कोणीतरी मोबाइलवर बोलत होता तर त्याचं बोलणं पार समोरच्या स्टँडपर्यंत ऐकू येत होतं. बायकोला दूध आणायचं राहिलं असं सांगत होता. मॅचच्या दिवशी मग शेजारची मुलगी काय म्हणतेय तेही कळेना.

स्पेन 3-1 जिंकलं. मालीची पोरं बाहेर येताना रडत होती. सतरा वर्षांची पोरं हो. मी त्यांना पाण्याच्या बाटल्या दिल्या, बोलायला भाषाच नव्हती.

ठाणे आलं, बसायला मिळालं. नंतर लिहिते.

रंकाळ्याकाठची
त्याच वर्ल्डकपला आमचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला होता! कोल्हापूरचा! (मॅचेस दिल्लीला होत्या भारताच्या.) इथे तरी बंड्याशी भांडण नको.

दिलबहारचा_बंड्या
इथे नाही. अनिकेत सगळ्यांचा.

वाईची मनीषा
स्मारकाचा भाग दोनदा वाचला. आमच्याकडच्या लोकांना 2005 ची मांढरदेवीची चेंगराचेंगरी आठवते अशा वेळी. मी तेव्हा बारावीत होते. काका गेले होते दर्शनाला, उशिरा निघाले म्हणून वाचले. अजून गर्दीच्या जिन्यावर माझा श्वास कोंडतो.

हिल्सबरोबद्दल नंतर बरंच वाचलं होतं. 15 एप्रिल 1989. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी फाटक उघडलं आणि लोंढा मधल्या, आधीच भरलेल्या पिंजऱ्यांत, म्हणजे उभं राहायच्या कप्प्यांत गेला. पुढे लोखंडी जाळी. आणि दोष कुणाला, तर मेलेल्यांना, दारू पिऊन आले म्हणून. घरच्यांनी 27 वर्षं पाठपुरावा केला तेव्हा 2016 मध्ये ज्यूरी म्हणाली की प्रेक्षकांची चूक नव्हती. तुमच्या आप्पांनी सगळी नावं वाचली हे फार बरं केलं.

कोथिंबीर जुडी
🙏 मनीषा

साडेतीन शहाणा
निवृत्त माणूस आहे, वेळ आहे, लांब लिहितो. अ‍ॅनफिल्डच्या त्या एका बाजूच्या स्टँडला 'कॉप' म्हणतात, हे नाव कुठून आलं? दक्षिण आफ्रिकेत, नाताळ प्रांतात स्पिऑन कॉप नावाची टेकडी आहे. टेहळणीची टेकडी. जानेवारी 1900 मध्ये बोअर युद्धात तिथे इंग्रजांचे शेकड्याने सैनिक पडले, त्यांत लँकेशायरचे, लिव्हरपूलकडचे बरेच. 1906 ला मैदानात मातीचा उंच चढ रचून स्टँड केला, तेव्हा तिथल्या एका पत्रकाराने त्याला हे नाव सुचवलं.

आता आपला धागा कुठे लागतो बघा: त्याच टेकडीवरून जखमींना स्ट्रेचरवर घालून खाली आणणाऱ्या भारतीय पथकात मोहनदास गांधी होते. तिशीचे वकील. पथक त्यांनीच उभं केलेलं. मी 2011 ला मुलाबरोबर टूरला गेलो तेव्हा गाइडला हे सांगितलं. त्याने दहा जणांच्या घोळक्याला थांबवून मला पुन्हा सांगायला लावलं. माझं इंग्रजी शाळामास्तरी. पण सांगितलं. मुलगा तेवढ्यात दुसरीकडे बघत होता, त्याला लाज वाटत असावी. संध्याकाळी फोनवर सुनेला मात्र तोच सांगत होता.

रंकाळ्याकाठची
काका, हे मला 2019 ला माहीत असतं तर! आप्पांनी 'कॉप'चं काय केलं सांगू? ते पाटीवर बघून म्हणाले, "कोप? कुणाचा? अंबाबाईचा?"

मडगांवकार
आमच्या मडगांवच्या फातोर्डा स्टेडियमला अशी तिकिटाची टूर मी तरी घेतली नाही, पण शेजारचे अंकल तिथे कामाला होते. लहानपणी दुपारी आम्हाला घेऊन जायचे. ते पाइप ओढत गवताला पाणी मारायचे, आम्ही स्टँडच्या सावलीत बोरं खात बसायचो. गेटवरच्या दादाला मासळी द्यायची, बस्स, हेच तिकीट.

डिसेंबर 2015 ची आयएसएल या फुटबॉल लीगची फायनल मी तिथेच बघितली. गोवा 2-1 पुढे, घड्याळात 90 मिनिटं. पुढच्या काही मिनिटांत चेन्नई 3-2. एवढ्या माणसांचा आवाज एका क्षणात बंद होतो तो कसा असतो, ते सांगता येत नाही. दुपारच्या त्या रिकाम्या फातोर्ड्यासारखा. फक्त पाइपाचा आवाज नव्हता.

निळी छत्री
@मडगांवकार 👌 जेवण थांबलं माझं.

पावशेर लसूण
ओल्ड ट्रॅफर्डला, म्हणजे मँचेस्टर युनायटेडच्या स्टेडियमला गेलो होतो. बाहेर म्युनिकचं घड्याळ आहे, 6 फेब्रुवारी 1958 ला त्यांच्या टीमच्या विमानाला झालेल्या अपघाताचं. मी शहाणा ते बघत उभा राहिलो. बस चुकली. नंतर बायकोने वाचून दाखवलं की अपघात दुपारी 3 वाजून 4 मिनिटांनी झाला होता. तेव्हापासून आमच्या घरी कुणी उशीर केला की 'म्युनिकला होतास का' म्हणतात. चांगलं नाही, पण आता तोंडात बसलंय.

लोकलवाली
@पावशेर 🤦‍♀️
@एसेनची वहिनी भाजी कसली होती ते राहिलं

एसेनची वहिनी
मेथी. करपली. दिराने तशीच खाल्ली, बिचारा.

कोथिंबीर जुडी
जर्मनीत मेथी मिळते?? इथे आमच्या गल्लीत मिळेना चार दिवस

एसेनची वहिनी
तुर्की दुकानात कधीकधी. नाहीतर कुंडीत लावायची.

दिलबहारचा_बंड्या
मेथीचा वेगळा धागा काढा. @रंकाळ्याकाठची, आप्पा सध्या कुठं असतात? येत्या सीझनला आणा की स्टेडियमवर.

रंकाळ्याकाठची
पुण्यात, माझ्याकडे. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, स्टेडियमच्या पायऱ्या आता जमायच्या नाहीत. टीव्हीवर बघतात, रेफ्रीला शिव्या तशाच.

दिलबहारचा_बंड्या
त्यात काय, आमची पोरं खुर्चीसकट उचलून वर नेतील. फक्त बसावं लागंल आमच्या बाजूला.

रंकाळ्याकाठची
वाचून दाखवलं. म्हणाले, त्यांच्या बाजूला बसवलं तर मी चालत उठून जाईन.

दिलबहारचा_बंड्या
बघा, गुडघा बरा झाला.