व्हीआरमधले झॉम्बी शूटर गेम: तुमचे अनुभव लिहा

ॲरिझोना सनशाइन (२०१६), त्याचा २०२३ मधला दुसरा भाग, द वॉकिंग डेड: सेंट्स अँड सिनर्स (२०२०) किंवा याच जातकुळीतले व्हीआर गेम (डोळ्यांवर हेडसेट चढवून, हातातल्या कंट्रोलरने खेळायचे) खेळणाऱ्यांसाठी हा धागा. 'भारी आहे' एवढ्यावर थांबू नका. बंदूक हातात आल्यावर काय जमतं, काय फसतं आणि का फसतं, ते लिहा.

सुरुवात रीलोडपासून (बंदूक पुन्हा भरण्यापासून) करते, कारण नेम चुकण्यापेक्षा मॅगझिन (गोळ्यांची डबी) वेळेवर न बदलल्यानेच जास्त वेळा मरण येतं. पहिल्या ॲरिझोना सनशाइनमध्ये बटण दाबून रिकामी मॅगझिन पाडायची आणि बंदूक कमरेच्या पट्ट्याला लावायची, की झालं. दुसरा हात लागतच नाही, त्यामुळे दोन पिस्तुलं घेऊन खेळता येतं. दुसऱ्या भागात पट्ट्यावरून मॅगझिन उचला, बसवा, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढा. मला ही पद्धत सरस वाटते. झॉम्बी दहा पावलांवर असताना हे सगळं उरकतं, चार पावलांवर असताना नाही. हा अंदाज सतत बांधावा लागतो, खरी भीती तिथेच आहे.

दोन पिस्तुलं
धागा सुरू करणारीशी रीलोडबद्दल मी असहमत. घाईत हात मॅगझिनऐवजी शेजारच्या होल्स्टरवर (शस्त्र अडकवायच्या जागेवर) पडतो आणि भलतीच वस्तू हातात येते. याचं कारण असं की कमरेला सेन्सर नसतो. डोकं कुठे आहे त्यावरून गेम पट्ट्याची जागा ठरवतो. मान खाली घालून शोधायला गेलात की पट्टा सरकल्यासारखा वाटतो. उपाय दोन. हेडसेटमध्ये जमिनीची पातळी पुन्हा ठरवा आणि गेम सुरू झाल्यावर ताठ उभं राहून, समोर बघून व्ह्यू रीसेट करा. खुर्चीत बसून खेळणार असाल तर बसून खेळायचा पर्याय आठवणीने निवडा, नाहीतर पट्टा मांडीत जातो.

शेवटची गोळी
हाफ-लाइफ: ॲलिक्स (२०२०) इथे चालेल ना? त्यात पिस्तुलात १० गोळ्या. सगळ्या संपवल्या तर नवी मॅगझिन बसवून स्लाइडही सोडावी लागते. चेंबरमध्ये (गोळी सुटते त्या खाचेत) एक गोळी शिल्लक असताना मॅगझिन बदलली तर ती पायरी वाचते. म्हणून नऊपर्यंत मोजा आणि बदला. यातल्या झॉम्बीच्या डोक्यावर हेडक्रॅब (खेकड्यासारखा परजीवी प्राणी) बसलेला असतो. नेम त्याच्यावरच धरा, धडावर गोळ्या उधळू नका.

चाकूवाली
सेंट्स अँड सिनर्सला नुसता शूटर म्हणणं अन्यायाचं आहे. न्यू ऑर्लिन्सच्या गल्ल्यांमध्ये बंदूक हा शेवटचा उपाय, कारण आवाजाने आजूबाजूचे सगळे झॉम्बी तुमच्याकडे वळतात. एकट्या झॉम्बीसाठी रीत अशी: डाव्या हाताने डोकं पकडा, उजव्या हाताने वरून चाकू किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसा, मग *ओढून बाहेर काढा*. नवखे इथेच फसतात. मनगटाने टोचलं तर पातं आत जात नाही. कोपरापासून हात हलवावा लागतो, कारण गेम हाताचा वेग आणि अंतर बघतो. शस्त्र कवटीत अडकून राहिलं तर दुसऱ्या झॉम्बीसाठी हात रिकामा. सलग वार केले की दम संपतो आणि हात जड झाल्यासारखे चालतात. दोन वार, एक पाऊल मागे, श्वास, असा ठेका धरा. शस्त्रं झिजून तुटतातही, तेव्हा एक जादा जवळ असू द्या. मनगटावरच्या घड्याळाकडे लक्ष ठेवा. वेळ संपल्यावर घंटा वाजतात आणि रस्ते झॉम्बींनी भरतात. घंटेच्या आधी परतीच्या वाटेला लागलेलं बरं, पिशवी अर्धी रिकामी असली तरी.

रिव्हॉल्व्हर मात्र अप्रतिम. सिलिंडर उघडून एकेक गोळी भरायची आणि मनगटाच्या झटक्याने बंद करायचा. इतकं समाधान दुसऱ्या कुठल्या बंदुकीत नाही.

कॅमेऱ्यासमोर हात
लांबच्या नेमाबद्दल. साइट (बंदुकीवरची नेम धरायची खूण) डोळ्याला चिकटवू नका. एक तर हेडसेटची लेन्स ठरावीक अंतरावरच फोकस दाखवते, त्यामुळे नाकाजवळची वस्तू धूसर दिसते आणि डोळे ताणतात. दुसरं म्हणजे हातांची जागा टिपणारे कॅमेरे बहुतेक हेडसेटमध्ये हेडसेटवरच असतात. मागचा हात गालाशी आला किंवा पुढच्या हाताआड गेला की ट्रॅकिंग तुटतं आणि रायफल उडी मारते. एक डोळा मिटा आणि बंदूक एक वीतभर पुढे धरा. ट्रिगर हळू दाबा, झटका दिला की कंट्रोलर खाली झुकतो आणि गोळी हनुवटीखालून जाते.

खोलीत उजेड हवा. अंधारात कॅमेऱ्यांना खुणा सापडत नाहीत. मोठा आरसा झाका. आणि लेन्सवर ऊन अजिबात पडू देऊ नका, आतला डिस्प्ले कायमचा भाजतो.

पहिला आठवडा
मळमळ होते त्यांच्यासाठी. डोळ्यांना चाल दिसते, कानातल्या तोलाच्या इंद्रियाला ती जाणवत नाही, त्यातून हे होतं. आधी टेलिपोर्ट (चालण्याऐवजी एकदम पुढच्या जागी उडी), वळण्यासाठी ३० किंवा ४५ अंशांचं स्नॅप टर्न (एका झटक्यात वळणं), कडा काळ्या करणारं व्हिनेट चालू. समोरून पंख्याचा वारा घ्या, दिशाही कळत राहते. तोंडाला पाणी सुटलं किंवा कपाळ गरम वाटलं की तिथेच थांबा. 'झॉम्बींची अजून एक लाट' म्हणून रेटलं तर पुढचे काही तास वाया जातात. क्वेस्ट २ हेडसेटवाल्यांनी लेन्सचं अंतरही तपासा, ५८, ६३ आणि ६८ मिमी अशा तीनच जागा आहेत. चुकीच्या जागेवर डोकेदुखी ठरलेली.

बडीचा चाहता
ॲरिझोना सनशाइन २ मधल्या बडी या कुत्र्याला विसरू नका! गर्दी अंगावर आली की बाजूचा झॉम्बी त्याला दाखवा. बडी त्या झॉम्बीला गुंतवतो तेवढ्यात मॅगझिन बदलून होते. हेल्मेटवाला झॉम्बी मात्र बडीवर सोपवू नका. त्या झॉम्बीचं हेल्मेट आधी गोळीने उडवा, मग डोकं.

दोन पिस्तुलं
एक राहिलं. कंट्रोलरचे पट्टे मनगटात अडकवूनच खेळा, आणि खेळायच्या जागेची सीमारेषा भिंतीपासून हातभर आत आखा. वार करताना हात रेषेच्या पुढे जातोच.